मुसीला किती वेळ लागतो?

दर वर्षी २८ सप्टेंबरला आमच्या मंडळातले सात-आठ जण उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारातल्या चिंचेच्या झाडापाशी जमतो. १९०८ च्या पुरात या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली, हे हैदराबादेत सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या खेपेस एका सभासदाची कॉलेजात जाणारी मुलगी सोबत आली होती. भाषणं झाल्यावर तिने विचारलं, "काका, पाऊस पडल्यापासून पाणी इथे येईपर्यंत किती वेळ होता? म्हणजे लोकांना पळायला किती तास मिळाले असते?" मी इंजिनिअर, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी "बघून सांगतो" म्हणालो. बघायला तीन महिने लागले.

या प्रश्नात माझा स्वतःचाही जीव गुंतलेला आहे. आमचे पणजोबा अफजलगंजच्या मागच्या गल्लीत राहायचे, एका पेढीवर लिखापढीचं काम करायचे. रविवारी, २७ तारखेला संध्याकाळी ते नदी बघून आले आणि पणजीला म्हणाले, "पाणी पायऱ्यांच्या खाली आहे. रात्र निघेल, सकाळी बघू." रात्र निघाली नाही. पहाटे पणजी दोन मुलांना घेऊन शेजारच्या माडीवर चढली. पणजोबांचे धाकटे भाऊ पेढीच्या वह्या काढायला खाली उतरले ते परत वर आले नाहीत. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा नेहमी त्या एका वाक्यावर थांबायची. "रात्र निघेल" हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारायचे नाहीत असा नियमच होता. कशाबद्दलही नाही, तापाबद्दलही नाही.

मी नोकरीत असताना शेकड्यांनी मोऱ्या आणि लहान पुलांचे हिशोब केले. बऱ्याच उशिरा माझ्या लक्षात आलं की पणजोबांनी त्या संध्याकाळी जे केलं, तेच मी टेबलावर बसून करत होतो. पाणी किती येईल, हा अर्धा प्रश्न. ते किती वेळात येईल, हा उरलेला अर्धा. आणि पुरात माणूस मरतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या अर्ध्याने.

आधी साधी गोष्ट सांगतो. समजा नदीवर एका जागी आपण उभे आहोत, पुरानापुलावर. या जागेला जिथून जिथून पाणी येतं तो सगळा मुलूख म्हणजे तिचं पाणलोट क्षेत्र. त्यात सगळीकडे एकाच वेळी पाऊस सुरू झाला, तर पुलाशेजारच्या गल्लीतलं पाणी पाच मिनिटांत पोचेल, गोवळकोंड्याच्या बाजूचं तासा-दोन तासांत, आणि विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरातलं, जिथे मुसी उगम पावते, ते सगळ्यात शेवटी. त्या सगळ्यात लांबच्या थेंबाला पुलापर्यंत यायला जो वेळ लागतो, त्याला आमच्या धंद्यात 'टाइम ऑफ कॉन्सन्ट्रेशन' म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांतला शब्द तोंडात बसत नाही, म्हणून मी इथे सरळ 'पोचवेळ' म्हणतो.

पोचवेळ महत्त्वाची का? पाऊस तिच्यापेक्षा कमी वेळ पडला, तर लांबचं पाणी पुलावर येईतो जवळचं पाणी निघून गेलेलं असतं. दोघांची गाठ पडत नाही, पूर बेताचा राहतो. पाऊस तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ टिकला, तर सगळ्या खोऱ्याचं पाणी एकाच वेळी पुलाखाली हजर होतं. आयर्लंडमधला इंजिनिअर टॉमस मुल्वेनी याने १८५१ साली ही कल्पना मांडली. तोपर्यंत लोक पूर म्हणजे किती पाऊस पडला एवढंच बघत होते. किती वेळ पडला आणि खोरं किती वेळाचं आहे, या दोन वेळा एकमेकांशी जुळवून बघायच्या असतात हे त्याने दाखवलं.

गंमत अशी की आपल्याकडच्या इंजिनिअरांनी ही कल्पना बरीच वर्षं बाजूलाच ठेवली. १८६५ चं डिकन्सचं सूत्र घ्या: क्षेत्रफळ चौरस मैलांत, त्याचा पाऊण घात, त्याला ८२५ ने गुणायचं, की पुराचा माथा क्युसेकमध्ये मिळतो. मद्रास इलाख्यासाठी राइव्हचं सूत्र आलं. पुढे आपल्याच निजाम संस्थानातले मोठे इंजिनिअर नवाब अली नवाज जंग यांच्या नावाचं सूत्र आलं, ते अजून पुस्तकांत शिकवतात. ही सगळी सूत्रं क्षेत्रफळ विचारतात आणि पाणी सांगतात. वेळ कुणी विचारत नाही. पुलाचे गाळे किती रुंद ठेवायचे एवढंच ठरवायचं असेल तर त्यांच्यावर भागतं. गल्लीतल्या माणसाला कधी उठवायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

डिकन्सचं सूत्र मुसीला लावून बघितलं. शहराच्या वरचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैल. उत्तर येतं १,३१,००० क्युसेक. १९०८ चा प्रत्यक्ष माथा नंतर काढला गेला तो ४,२५,००० क्युसेक, म्हणजे सव्वातीन पट. हा आकडा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या तपासातला आहे. पुण्यात शिकलेला, मुंबई इलाख्यात नोकरी केलेला, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारा हा माणूस १९०८ साली सरकारी नोकरीतून मोकळा होऊन परदेशात फिरत होता, तिथे त्याला निजाम सरकारचं बोलावणं गेलं. तो १९०९ मध्ये इथे आला. खोऱ्यातल्या पावसाच्या नोंदी, पुराच्या खुणा, तलावांची अवस्था असं सगळं त्याने गोळा केलं. त्याचे दोन आकडे आपल्याला पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहेत: शमशाबादच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत १२.८ इंच, ४८ तासांत १८.९ इंच.

आता पोचवेळ काढू. सगळ्यात प्रसिद्ध सूत्र किर्पिचचं, १९४० सालचं. त्याला दोनच गोष्टी लागतात, वाटेची लांबी आणि उतार. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीटं चिकटवून मी दोऱ्याने मुसी मोजली. दोरा नदीच्या वळणांवरून टाचण्यांनी बसवत जायचा आणि मग सरळ करून पट्टीवर धरायचा. संगणकावर हे पाच मिनिटांत होतं, पण दोऱ्याने मोजलं की नदी हाताला कळते. अनंतगिरीपासून शहरापर्यंत साधारण ९० किलोमीटर. एवढ्या वाटेत ती जवळजवळ पावणेदोनशे मीटर उतरते. म्हणजे किलोमीटरला दोन मीटरसुद्धा नाही. सूत्रात घातलं, उत्तर आलं सुमारे २३ तास.

मग दुसरं सूत्र घेतलं, ब्रॅन्सबी विल्यम्सचं. हे जगभर वापरतात, पण त्याचा जन्म १९२२ साली हिंदुस्थानातल्या सांडव्यांवर लिहिलेल्या एका लेखात झाला, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याचं उत्तर आलं ३५ तास.

तिसरा मार्ग अडाण्याचा, आणि माझा आवडता. पुरात नदी सेकंदाला किती मीटर पळते याचा अंदाज करायचा आणि अंतराला त्याने भागायचं. दोन मीटर धरली तर ९० किलोमीटरला साडेबारा तास. तीन मीटर धरली तर आठ-साडेआठ तास.

एकच नदी, एकच पूल, आणि उत्तरं आठ तासांपासून पस्तीस तासांपर्यंत. बाहेरच्या माणसाला हा भोंगळपणा वाटेल. मलाही नोकरीच्या सुरुवातीला वाटायचा, मग मी एक सूत्र धरून बसायचो आणि बाकीची विसरायचो. खरी गोष्ट अशी की किर्पिचने आपलं सूत्र अमेरिकेतल्या टेनेसीतल्या मोजक्या शेतजमिनींच्या मोजणीवरून बसवलं होतं. त्यातलं सगळ्यात मोठं क्षेत्र सव्वाशे एकरांच्याही आतलं. आपलं खोरं साडेपाच लाख एकरांचं. शेताच्या बांधावर मापलेलं गणित आपण तालुकेच्या तालुके व्यापणाऱ्या नदीला लावतो आणि दशांश चिन्हानंतर दोन आकडे लिहितो. सूत्राचा दोष नाही, लावणाऱ्याचा आहे.

मग खरं काय? इथे मला वाटलं की १९०८ च्या पुरालाच साक्षीला बोलवावं.

जुन्या मापांत एक सोय आहे, ती मीटर-लिटरमध्ये हरवली. एका एकरावर ताशी एक इंच पाऊस पडला आणि सगळा वाहून गेला, तर तो जवळजवळ बरोबर एक क्युसेक होतो. आमच्या पिढीच्या मास्तरांना हे पाढ्यासारखं पाठ असायचं. आता ८६० चौरस मैल म्हणजे ५,५०,४०० एकर. माथा ४,२५,००० क्युसेक. भागाकार केला की ०.७७ येतो. म्हणजे पुराच्या माथ्याच्या वेळी सगळ्या खोऱ्यातून ताशी पाऊण इंचाहून थोडं जास्त पाणी वाहत यायला हवं, आणि ते निदान पोचवेळेइतका वेळ टिकायला हवं, तरच सगळ्यांची गाठ पुलाखाली पडेल.

किर्पिचचे २३ तास धरा. ०.७७ गुणिले २३ म्हणजे १७.७ इंच. पण २४ तासांत खुद्द शमशाबादला, जिथे पाऊस अतोनात झाला तिथे, १२.८ इंचच पडले. सगळ्या खोऱ्याची सरासरी त्याहून कमीच असणार, शिवाय थोडं पाणी जमिनीत मुरणार. हिशोब बसत नाही. ब्रॅन्सबी विल्यम्सचे ३५ तास घेतले तर आणखीच बसत नाही. बारा तास धरा: सव्वानऊ इंच. हे ओढूनताणून बसतं. आठ तास धरा: सहा-सव्वासहा इंच. हे सहज बसतं. म्हणजे ओल्याचिंब खोऱ्यात, भरलेल्या पात्रात, मुसीने त्या रात्री आपलं काम सूत्रांच्या निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्शाच्या वेळात उरकलं असावं.

याला मी पुरावा म्हणणार नाही. मुल्वेनीची पद्धत लहान क्षेत्रांसाठी आहे, एवढ्या मोठ्या खोऱ्यावर पाऊस कधीच सारखा पडत नाही, आणि ४,२५,००० हा आकडासुद्धा पुरानंतर काढलेला अंदाज आहे. पण तीन वेगवेगळ्या बाजूंनी येऊन बोट एकाच जागी टेकत असेल, तर ती जागा नीट बघावी.

तिथे बघितलं की तलाव दिसतात.

मुसीच्या खोऱ्यात शहराच्या वर ७८८ तलाव होते, जवळजवळ दर चौरस मैलाला एक. दख्खनच्या पठारावर ही फार जुनी व्यवस्था आहे. ओढ्याला मातीचा कट्टा घालायचा, तो भरला की सांडव्यातून पाणी खालच्या तलावात, तो भरला की त्याच्या खालच्या. माळेसारखी ओळ. तेलुगूत चेरुवू, त्याहून लहान तो कुंटा, आणि आपल्या शहरात अजून तालाब कट्टा नावाची वस्ती आहे. पुराच्या दृष्टीने प्रत्येक तलाव म्हणजे पाण्याच्या वाटेतलं एक ठाणं. पाणी आलं, थांबलं, पसरलं, मग हळूहळू पुढे गेलं. ७८८ ठाणी असलेल्या वाटेवर पोचवेळ लांबते. जून-जुलैत तलाव रिकामे असतात तेव्हा तर पहिला पाऊस खाली पोचतच नाही. मुसीकाठच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या बघितलेली नदी ही अशी सावकाश नदी होती. पणजोबांच्या "रात्र निघेल"मागे कुठलं सूत्र नव्हतं, ही नदी होती.

पण सप्टेंबरच्या अखेरीला तलाव भरलेले असतात. त्यात शमशाबादचे ते दोन आकडे पुन्हा बघा. ४८ तासांत १८.९, त्यातले १२.८ एका दिवसाचे. म्हणजे उरलेल्या दिवसाचे सहा इंच. त्या सहा इंचांनी जमीन भिजून घट्ट झाली आणि जे तलाव थोडे रिकामे होते तेही काठोकाठ आले. पुढचे १२.८ इंच पडले ते भरलेल्या ताटात. आणि मग कट्टे फुटायला लागले. विश्वेश्वरय्यांच्या तपासात फुटलेल्या तलावांची संख्या २२१ आहे.

तलाव फुटतो तेव्हा पोचवेळेचं सगळं गणित उलटं होतं. वरच्या तलावाचा कट्टा गेला की साठलेलं पाणी एकदम खालच्यावर येतं, त्याचा सांडवा एवढ्या पाण्यासाठी बांधलेलाच नसतो, तो जातो, मग त्याच्या खालचा. जे ठाणं पाण्याला थोपवत होतं तेच आता त्याला ढकलतं. आणि हे पाणी त्या रात्रीच्या पावसाचंही नसतं, आधीच्या चार महिन्यांचं असतं. त्याला डोंगरातून यायला वेळ लागत नाही, ते आधीच अर्ध्या वाटेवर येऊन बसलेलं असतं. वरच्या हिशोबात बारा तासांना जे ओढूनताणून बसत होतं, त्यात हे पाणी मिसळलं की ते बरंच सैल होतं.

पणजोबांनी जी नदी बघून वेळ ठरवली होती, ती नदीच त्या रात्री राहिली नव्हती. आणि त्या वेळी किर्पिचचं सूत्र असतं, कुणी ते लावलं असतं, तरी २३ तासांचं उत्तर वाचून तो इंजिनिअरही म्हणाला असता, रात्र निघेल. हे कळलं तेव्हा आजी हयात असायला हवी होती असं फार वाटलं.

पुराची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकांनी लिहिली आहे. सोमवारी २८ तारखेला अफजलगंज, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे तिन्ही पूल गेले. एकटा पुरानापुल टिकला. मृतांचा आकडा साधारण पंधरा हजार सांगतात. उर्दू शायर अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्यात गेली, ते एकटे वाचले. विश्वेश्वरय्यांनी सुचवल्याप्रमाणे शहराच्या वर मुसीवर उस्मानसागर आणि ईसीवर हिमायतसागर झाले, पहिला १९२० साली, दुसरा १९२७ साली.

या दोन सागरांकडे आपण पाणीपुरवठ्याच्या नजरेने बघतो, सहलीच्या नजरेनेही बघतो. पण त्यांचं मूळ काम वेळ विकत घेण्याचं होतं. पुराचं पाणी आत घ्यायचं, दरवाजातून शहराला सोसेल इतकंच सोडायचं, बाकीचं मागून सावकाश. पाणी नाहीसं होत नाही, माथा बुटका होतो आणि उशिरा येतो. मात्र त्यासाठी तलाव रिकामा असायला लागतो, आणि पिण्याच्या पाण्यासाठी तो भरलेला असायला लागतो. ही ओढाताण जगातल्या प्रत्येक धरणावर आहे, आपल्याकडे सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना ती वेगळी सांगायला नको. आज या दोघांची साठवण मिळून जेमतेम पावणेसात ते सात टीएमसी भरते, उस्मानसागरची ३.९ आणि हिमायतसागरची २.९७. दोन्ही तळापर्यंत कोरडे आहेत असं धरलं आणि १९०८ चा माथा त्यात ओतला, तर ते साडेचार तासांत भरतील. अर्थात माथा सतत टिकत नसतो. पण आपल्या हातात किती तास आहेत, ते यावरून कळावं.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीत असताना शहराच्या कडेच्या एका नाल्यावर मी मोरी बसवली. नाल्याची लांबी तीन किलोमीटर, उतार चाळीस मीटर. किर्पिच अशा लहान क्षेत्राला बऱ्यापैकी शोभतो, त्याने पोचवेळ दिली ४९ मिनिटं. तेवढ्या वेळाचा पाऊस धरून नळ्या ठरवल्या. दुसऱ्याच पावसाळ्यात रस्त्याचा भराव वाहून गेला. त्यात एक ऑटो अडकली, चालक टपावर चढून वाचला. माझं सूत्र बरोबर होतं, नकाशा जुना होता. मधल्या काळात वर प्लॉट पडले होते, मातीच्या ओहोळाच्या जागी काँक्रीटचं गटार झालं होतं. पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की जमीन काँक्रीट-डांबराची असेल तर किर्पिचच्या उत्तराला ०.४ ने गुणा. ४९ ची २० मिनिटं होतात. आणि वीस मिनिटांचा पाऊस हा पाऊण तासाच्या पावसापेक्षा कितीतरी जोराचा असतो. वेळ कमी झाली की पाणीही वाढतं, हे मला त्या ऑटोने शिकवलं. त्या चालकाने मला एवढंच विचारलं होतं, "साब, बारिश तो रुक गई थी, फिर पानी कहाँ से आया?" त्याच्याकडे पाऊस थांबला होता. वर नव्हता थांबला.

१३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री हे सगळं मोठ्या मापात दिसलं. संध्याकाळपासून अतिवृष्टी, वस्त्यांतले नाले बघता बघता रस्त्यावर. त्यांची पोचवेळ मिनिटांची. हिमायतसागरचे दरवाजे त्याच रात्री उघडावे लागले, आणि मूसारामबागचा पूल पाण्याखाली गेला, ते पाणी तासांच्या हिशोबाचं. आणि त्या आठवड्यात जुन्या शहराच्या दक्षिणेला पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवूचे कट्टे फुटले, ते कुठल्याच हिशोबातलं नव्हतं. एकाच शहरात तीन घड्याळं चालतात, आणि टीव्हीवर एकच बातमी चालते: मुसळधार.

वेळ खरी मोजायची असेल तर सूत्र नको, दोन यंत्रं हवीत. पावसाची मिनिटामिनिटाला नोंद करणारं एक आणि नदीची पातळी तशीच टिपणारं दुसरं. पावसाचा मध्य आणि पुराचा माथा यांच्यातलं अंतर पाच-दहा पुरांत मोजलं, की त्या खोऱ्याचा स्वभाव कळतो. शेर्मनने १९३२ मध्ये आणि स्नायडरने १९३८ मध्ये याच वाटेने युनिट हायड्रोग्राफ उभा केला. आपल्या केंद्रीय जल आयोगानेही देशाचे २६ उपविभाग करून प्रत्येकासाठी अशी मोजणीवरची समीकरणं दिली आहेत. १९०८ साली इथे रोज सकाळी एकदा वाचायचे पर्जन्यमापक होते. १२.८ इंच हा आकडा चोवीस तासांचा आहे. त्यातले आठ इंच कदाचित सहाच तासांत पडले असतील. ते त्या भांड्याने कुणाला सांगितलं नाही.

आता त्या मुलीचं उत्तर. संपूर्ण खोऱ्याचं पाणी एकवटायला माझ्या हिशोबाने आठ ते बारा तास. पण तिचा प्रश्न पळण्याचा होता, आणि पळायला लावणारं पहिलं पाणी डोंगरातून येत नाही. टोपोशीटवर मी पुरानापुलापासून मागे मागे तासातासाच्या रेषा काढल्या. शमशाबादची बाजू ईसीच्या खोऱ्याच्या कडेला आहे, पाण्याच्या वाटेने पंचवीसेक किलोमीटर. सेकंदाला दोन मीटरने ते साडेतीन तास, शेतातून ओढ्यात यायला आणखी तास-दीड तास धरा. म्हणजे पाचच्या आसपास.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे, ती तिला मुद्दाम सांगितली. बंगालच्या उपसागरातली वादळं साधारणपणे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात आणि मुसी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. त्यामुळे बहुतेक वेळा खालचं पाणी वाहून गेल्यावर वरचं येतं. वादळ नदीच्या दिशेने चालत आलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब मी केला नाही.

ती म्हणाली, "पाच तास म्हणजे पुष्कळ झाले की."

मी तिला नकाशा दाखवला. शमशाबादहून शहराचा रस्ता दक्षिणेकडून येतो, वाटेत ईसी ओलांडावी लागत नाही. अंतर दहा मैल. चिखलातून घोडं चालवलं तरी दोन तास, फार तर अडीच. तिथल्या पर्जन्यमापकाचं भांडं रविवारी रात्री कुणी एकदा उघडून बघितलं असतं, तर निरोप पाण्याच्या आधी पोचला असता. पण ते वाचायची वेळ सकाळची होती.

टोपोशीटावरच्या त्या रेषा मी अजून खोडलेल्या नाहीत. पाच तासांची रेषा शमशाबादवरून जाते. अफजलगंजच्या मागच्या गल्लीवर आधी काहीच खूण नव्हती. आता तिथे पेन्सिलीने एक लहान फुली आहे.